लँड रोव्हर उभी करणाऱ्या अनाम मदतनीसांचे आभार

इंग्लंडमधील सॉलिहलच्या कारखान्यात १९७८ साली तयार झालेली आमची सिरीज थ्री लँड रोव्हर पुन्हा रस्त्यावर आली आहे. ज्यांची नावे विचारणे राहून गेले, अशा सर्वांचे जाहीर आभार मानणे मी माझे कर्तव्य समजतो.

या गाडीचा पत्रा बर्माब्राइट या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्याने ती वरवर ठणठणीत दिसत होती. परंतु इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने आतली पोलादी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पोखरली होती आणि मागच्या आडव्या तुळईचे पापुद्रे सुटत होते. सुट्या भागांच्या बाजारात भेटलेल्या ज्या वयस्क गृहस्थांनी गाडीखाली शिरून, हातोडीने ठोकत, आवाज कुठे बद्द येतो ते मला ऐकवले आणि ठिगळे लावत बसण्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासीच घ्या असे बजावले, त्यांचा मी कायमचा ऋणी आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम टेकतात तिथे ओलाव्याने ॲल्युमिनियमच आधी झिजते, म्हणून सांध्यांत रबरी पट्टी घालायला शिकवणाऱ्या वेल्डरताईंचेही मनःपूर्वक आभार.

मूळचे २,२८६ सीसीचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा मोह मला होता. जुन्या गिअरबॉक्सला जादा जोर झेपणार नाही, त्यापेक्षा पॅराबोलिक पाटे (हादरे कमी करणाऱ्या स्प्रिंगा) आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) बसवा, हा एका निवृत्त मेकॅनिकचा सल्ला शंभर टक्के योग्य ठरला: महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी झाले आणि आईलाही आता मागच्या बाकावर हादरे सोसावे लागत नाहीत.

चाकाच्या हबचा (मधल्या तुंब्याचा) मोठा पाना विनामोबदला देणाऱ्या शेतकरी दादांनी तो कृपया घेऊन जावा.