सईचं खगोलशास्त्र आणि तासगावची बाग

बॉन, जर्मनी

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

बारावीनंतर सईला इंग्लंडमध्ये ज्या पदवीला पाठवायचं तुमच्या मनात आहे, तिचं माहितीपत्रक नीट वाचलं. वर्षाला २५ हजार पौंडांच्या पुढे फी, म्हणजे तीन वर्षांची नुसती फीच ऐंशी-नव्वद लाखांच्या घरात जाते. राहणं-जेवण वेगळंच. त्यासाठी तासगावच्या बागेवर कर्ज काढू नका, असं मी कळकळीनं सांगते. सईला खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय ते होऊ दे, पण बारावीनंतर लगेच परदेशी पाठवणं हा त्यातला सगळ्यात महागडा मार्ग आहे.

पदवीच्या नावात ‘खगोलशास्त्र’ असलंच पाहिजे असं काही नाही. एमएस्सीला आणि पुढे पीएचडीला निवड करणारे बघतात ते भौतिकशास्त्र: क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, गणित, आणि पायथॉन या संगणकीय भाषेत माहितीवर काम करता येतं का. हे सगळं सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात भौतिकशास्त्रात बीएस्सी करूनही होतं, घरी राहून. त्याहून चांगलं म्हणजे पुण्याचं आयसर, केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. तिथली आयएटी ही प्रवेश परीक्षा तिनं द्यावीच. त्यात ६० प्रश्न असतात आणि त्यातले १५ जीवशास्त्राचे. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेली मुलं नेमकी तिथं मार खातात, तेव्हा अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं आत्ताच हाताशी ठेवा. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आली तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्तीही मिळू शकते, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. सुट्टीतल्या प्रकल्पासाठी तिथं अर्ज करता येतो. असा एक प्रकल्प आणि त्यातल्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र, याला परदेशी अर्जात फार वजन असतं.

परदेशी यायचं ते एमएस्सीला. इथं जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत. बॉनमध्ये अॅस्ट्रोफिजिक्सची एमएस्सी इंग्रजीतून आहे. सेमिस्टरला तीनशे-साडेतीनशे युरोंचं शुल्क भरायचं, त्यातच प्रवासाचा पास येतो. पॉट्सडामलाही अशीच सोय आहे. हायडेलबर्गचं नाव मोठं, पण ते ज्या राज्यात आहे तिथं २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. चार सेमिस्टरचे सहा हजार झाले. म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठात फी नाही, पण खोलीचं भाडं ती बचत खाऊन टाकतं. म्हणून ‘फी शून्य’ एवढं वाचून हुरळून जाऊ नका, शहराचं भाडं आधी बघा.

खरी जुळवाजुळव करावी लागते ती ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी ११,९०४ युरो, साधारण बारा लाखांच्या वर, आधी भरून दाखवावे लागतात. ती फी नव्हे. सईचेच पैसे असतात आणि दरमहा ९९२ युरो असे तिला परत मिळतात. त्यातून भाडं, जेवण आणि आरोग्यविमा भागवायचा. विम्याचेच दीडशेच्या आसपास जातात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण पहिल्या सेमिस्टरला त्या कमाईवर विसंबू नका, अभ्यास झेपत नाही.

अर्ज बाद होतात ते बहुतेक कागदांपायी. आपले गुण इथल्या श्रेणीत बसवायचं सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेचे गुण यानं भागा, तिनानं गुणा आणि एक मिळवा. शंभरात ७० गुण आणि उत्तीर्णता ४० ला असेल तर २.५ येतं. उत्तीर्णता ३५ ला असेल तर त्याच ७० गुणांचं २.४ होतं. इथं आकडा जितका लहान तितका चांगला आणि पुष्कळ ठिकाणी प्रवेशाची रेघ २.५ वरच असते. म्हणून उत्तीर्णतेचे किमान गुण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, छापून घ्यायचे, नाहीतर विद्यापीठ स्वतःच काहीतरी गृहीत धरतं. दुसरी अडचण क्रेडिटची, म्हणजे विषयाच्या अभ्यासाच्या तासांवरून ठरणाऱ्या गुणांकांची. आपल्याकडे पहिल्या वर्षी इतर विषय जास्त असल्यानं भौतिकशास्त्राचे क्रेडिट कमी भरतात. शिवाय तीन वर्षांच्या बीएस्सीला काही विद्यापीठं अडवतात, तेव्हा विलिंग्डनला गेली तर चौथं ऑनर्सचं वर्ष करूनच तिनं यावं. गुणपत्रिकांची एपीएस या जर्मन केंद्राकडून होणारी पडताळणी २०२२ पासून सक्तीची आहे. तिला वेळ लागतो, अर्जाच्या मुदतीआधी बरेच महिने हातात ठेवायचे.

वहिनी, तुम्ही विचारलंत की बारावीनंतर थेट इथं का नको. इथली पदवी बहुतेक जर्मनमधून असते आणि नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही, आधी वर्षभराचं तयारीचं कॉलेज करावं लागतं. पीएचडीची मात्र काळजी नको. तिथं विद्यार्थ्यालाच पगार किंवा शिष्यवृत्ती मिळते, इथं आणि भारतातही.

आता एवढंच करा: विलिंग्डनच्या बीएस्सीच्या सगळ्या वर्षांचा अभ्यासक्रम, तासांसकट, मला पाठवा. इथल्या एमएस्सीच्या अटींशी विषय लावून बघते आणि काय कमी पडतंय ते सईला कळवते. आयएटीच्या फॉर्मची तारीख तिनं चुकवू नये.

आईला नमस्कार.

तुमची,
नंदा