रेसकारचा प्लेनम: आधी गळती तपासा

महोदय,

फॉर्म्युला भारत, सुप्रा यांसारख्या स्पर्धांसाठी आपल्याकडची अभियांत्रिकीची मुले रेसकार बांधतात. बातम्यांत त्यांच्या इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाचे, फोटो ठळक असतात. पण त्यातला प्लेनम, म्हणजे इंजिनाआधीची हवेची टाकी, किती लिटरचा आणि हवाबंद आहे का, हे कोणी विचारत नाही. गाडी तर तिथेच अडते, म्हणून हे पत्र.

नियमानुसार पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिमी व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधूनच, म्हणजे एका अरुंद घशातूनच, जावी लागते. या घशात हवेने ध्वनीचा वेग गाठला की इंजिनाने कितीही ओढले तरी सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅमच्या वर हवा जात नाही. केटीएमचे ३७३ सीसी एकसिलिंडर इंजिन घ्या. ९,००० आरपीएमला त्याची सरासरी गरज सेकंदाला साधारण ३३ ग्रॅम, म्हणजे भोक पुरेसे वाटते. पण हे इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच, जेमतेम एक तृतीयांश वेळ हवा ओढते. तेवढ्या वेळात मागणी सेकंदाला १०० ग्रॅमवर जाते. ही तूट भरून काढायला हवेची टाकी लागते, तोच प्लेनम. चार सिलिंडर आळीपाळीने हवा ओढतात, म्हणून त्यांना लहान टाकी पुरते. अशा गाडीवरचा छोटा प्लेनम पाहून त्याची नक्कल केली की वरच्या आरपीएमला इंजिन दम टाकते ते यामुळे. सुरुवात दोन ते तीन लिटरपासून करावी. फार मोठा केला तर पेडल दाबल्यावर आधी टाकी भरते, मग इंजिन उचलते; वळणावळणाच्या ट्रॅकवर हा उशीर जाणवतो.

क्रम थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप), रिस्ट्रिक्टर, प्लेनम, रनर (प्लेनमपासून इंजिनापर्यंतची नळी) असाच हवा. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर मूळ थ्रॉटल बॉडीवर असेल तर तो काढून रनरवर, सिलिंडर हेडजवळ बसवावा. नाहीतर पेट्रोल प्लेनमच्या तळाशी साचते आणि बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातली ज्वाळा उलटी इनटेकमध्ये आली, की तेच पेटते. रिस्ट्रिक्टरनंतरचा शंकू मध्यरेषेपासून सहा-सात अंशांपेक्षा जास्त उघडू नये, नाहीतर हवा शंकूची भिंत सोडते. रनरचे तोंड प्लेनमच्या आत गोलाईने वळवलेले असावे, कापलेल्या पाइपची धार तशीच ठेवू नये.

चौकोनी डबा बनवण्याचा मोह टाळावा. थ्रॉटल बंद असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.६ बारने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) कमी असतो. २० बाय १० सेंमीच्या सपाट भिंतीवर तेव्हा १२० किलोचा भार येतो. दोन मिमी ॲल्युमिनियमचा पत्राही त्याने आत-बाहेर होत राहतो आणि वेल्डच्या कडेने तडकतो. गोल किंवा अंडाकृती आकार घ्यावा. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडते. प्रिंटच्या थरांमधून हवा झिरपते, म्हणून बाहेरून इपॉक्सीचा हात हवाच. प्लेनमचे वजन रनरच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या कडेवर) टांगू नये. चेसिसला रबरी बुशवर आधार द्यावा आणि रनरचा जोड रबरी होजने करावा.

गळतीची चाचणी पन्नास रुपयांतही होते. दोन्ही तोंडे गॅस्केट लावून पट्ट्यांनी बंद करावीत, एका पट्टीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा, सायकलच्या पंपाने ०.३ बारपर्यंतच हवा भरावी (कंप्रेसर अजिबात नको, प्रिंट फुटला तर तुकडे उडतात) आणि जोडांवर साबणाचे पाणी फिरवावे. सेन्सरच्या नळीचा जोड, वेल्डचा शेवट आणि फ्लँजचे कोपरे आधी पाहावेत, बुडबुडे बहुतेक तिथेच येतात. नंतर इंजिन चालू करून इनटेकचे तोंड घट्ट झाकावे. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते घुटमळत का होईना चालत राहिले तर रिस्ट्रिक्टरला वगळून कुठूनतरी हवा शिरते आहे आणि स्पर्धेच्या तपासणीत गाडी अडवली जाईल.

महाविद्यालयांनी ही चाचणी गाडी ट्रकवर चढवण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर प्लेनम हातात आला त्याच दिवशी करून घ्यावी. तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो.

– एक यंत्र अभियंता, पुणे