तुझा दीड एकर आणि नाशिकची वाईन

कोल्हापूर,
३० जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा आम्ही सिन्नरच्या अलीकडं होतो आणि रेंज येऊन-जाऊन होती. असला विषय फोनवर मिटतही नाही, म्हणून लिहायलाच बसलोय. चिखलीकडच्या तुझ्या दीड एकरातला ऊस काढून वाईनची द्राक्षं लावायची का, हा तुझा प्रश्न. उत्तर आधीच देतो: नको. आता का नको ते ऐक. सव्वीस जानेवारीच्या जोडून सुट्टीत नाशिक बघून आलोय, त्यामुळं नुसतं ऐकीव बोलत नाही.

शुक्रवारी रात्री निघालो. कोल्हापूर-पुणे रस्त्याचं काय सांगू, तू त्याच रस्त्यानं ये-जा करतोस. नारायणगावला उजाडलं. श्यामराव चौगुलेंनी १९८० च्या दशकात वाईन सुरू केली ती इथंच, म्हणजे नाशिकच्या कितीतरी आधी. आम्ही चहा घेतला आणि पुढं निघालो.

रविवार मळ्यांसाठी ठेवला होता, कारण सोमवारी प्रजासत्ताक दिन म्हणजे ड्राय डे. ही गोष्ट तुझ्या वहिनीनं आठवण करून दिली म्हणून बरं, नाहीतर आपले लोक सोमवारी बंद काउंटरसमोर उभे राहून सरकारला शिव्या घालतात. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनऱ्या लागून आहेत. सुला तिथलीच. कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी १९९९ मध्ये कंपनी काढली आणि तिथून नाशिकचं चित्र पालटलं. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि आपल्या शेजारी पलूसला वाईन पार्क जाहीर केले. विंचूरचं नाव तिथं पोरंसोरं घेतात. पलूसच्या पार्कबद्दल आपल्या गल्लीत कुणाला विचारून बघ.

एका मोठ्या वायनरीत गेलो तर जत्रा भरलेली. पैसे भरून हातात पट्टा बांधून घ्यायचा, मग एक मुलगी घाईघाईनं टाक्या दाखवत नेते. पांढऱ्या वाईनचा रस स्टीलच्या टाक्यांत गार ठेवून हळू आंबवतात. लालची गंमत मला आवडली: काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक जातींत बिनरंगाचाच असतो, रंग सालीतून येतो, म्हणून सालीसकट आंबवायचं. चव घेण्याचा कार्यक्रम मात्र थोडा नाटकी वाटला. पेला फिरवा, वास घ्या, पेरू जाणवतो का बघा. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये मला खरंच पेरू लागला, हे कबूल. वहिनीला शेनिन ब्लाँ आवडली. शिराझचा घोट घेऊन तिनं तोंड असं केलं की मागच्या टेबलावरची माणसं हसली.

पण खरी मजा दुपारी आली. दिंडोरीच्या बाजूला रस्त्याकडेला एक बाग दिसली, तोडणी चालू होती, गाडी थांबवली. मालक वयस्कर, डोक्याला टॉवेल. कोल्हापूरहून आलोय म्हटल्यावर, “ऊसवाले!” असं म्हणून त्यांनी खाट पुढं ओढली. खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक मणी चुरडून थेंब काचेवर टाकला आणि मला बघायला दिला. तेवीस ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण तेवीस टक्के साखर! आता हा शब्द तर आपण कारखान्यावर लहानपणापासून ऐकतो. आपला चांगला ऊस वीस-बावीसला येतो, खायची द्राक्षं सोळा-अठराला तोडतात, आणि वाईनची मात्र बावीस-चोवीसपर्यंत पिकू देतात, कारण जेवढी साखर तेवढा पुढं अल्कोहोल. त्यानंतर आमचं जमलंच.

त्यांनी मांडलेलं गणित तुझ्या कामाचं आहे. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए या संजीवकात घड बुडवायचे, विरळणी करायची, मजूर नुसते राबवायचे. वाईनच्या जातींना तो खटाटोप नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया, बाजारात कुणी हात लावणार नाही. म्हणजे घेणारा एकच: ज्या वायनरीशी करार आहे ती. तिनं नको म्हटलं तर माल न्यायचा कुठं? उसाचं निदान एक बरं, या कारखान्यानं नाही नेला तर दुसरा उभा असतो, आणि एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरासाठी, भांडायला संघटना आहे. कोल्हापूरच्या हाकेच्या अंतरावर वाईनची द्राक्षं विकत घेईल असं मला तरी कुणी दिसत नाही.

दुसरं, हवा. द्राक्षाची छाटणी दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. फळछाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डावणी रोग आला, पुढं ढगाळ झालं की भुरी. तासगावला द्राक्ष टिकतं ते कोरड्या हवेमुळं, म्हणूनच तिथं बेदाणाही वाळतो. आपल्याकडं परतीचा पाऊस दसऱ्याला भिजवून जातो. शिवाय तुझं रान नदीकाठचं काळं, २०१९ ला आणि २०२१ ला पाण्याखाली होतं. ऊस आठवडाभर बुडून थोडाफार तरतो. द्राक्षाच्या मुळांना पाणी तुंबलेलं चालत नाही, वर तारा, अँगल, ठिबक हा खर्च पहिल्याच वर्षी. त्या बागेच्या मालकांना मी चिखलीचं वर्णन केलं तर ते एवढंच म्हणाले, “भाऊ, ऊसच बरा.”

सोमवारी शहर. मिसळीवरून भांडण लावू नकोस. काळा मसाला, पापड, दही, सोबत पाव, आणि रस्सा जाळ नाही. चांगली आहे. आपल्या कटात ब्रेड बुडवायची सवय असलेल्या माणसाला ती सौम्य वाटणार, त्याला इलाज नाही. कोंडाजी चिवडा आणलाय, तुझा वाटा ठेवलाय.

पंचवटीत काळाराम मंदिराच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी इथं सत्याग्रह सुरू केला. त्याच्या दहा वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, आपल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं होतं. प्रजासत्ताक दिनीच तिथं असणं हा योगायोग, पण त्या दगडी दारासमोर ते जास्तच जाणवलं. पोरानं विचारलं, “मग आत जाऊ दिलं का?” त्याला सगळं सांगता सांगता बाबासाहेबांच्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेपर्यंत आलो.

दुपारी पांडवलेणी. चढ बऱ्यापैकी आहे, वहिनी अर्ध्यात थांबली. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. मुलाचं कौतुक आईनं दगडात कोरून ठेवलंय, किती ते! त्याच सातवाहनांच्या काळात रोमची जहाजं इटलीची वाईन घेऊन भडोचला लागायची, आणि आपल्या ब्रह्मपुरीत सापडलेली, रोमकडून आलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात तू शाळेच्या सहलीत बघितलीयेस, आठव. रोमशी व्यवहार आपल्यालाही नवा नाही, द्राक्ष लावल्याशिवायसुद्धा.

परत यायला मध्यरात्र उलटली.

आता कामाचं. तुझ्या रानातला खोडवा, म्हणजे आधीच्या उसाच्या बुडख्यांवरचं पीक, मार्चपर्यंत तुटेल. वाटेकरी पुन्हा आडसाली, म्हणजे दीडेक वर्षाच्या उसाची लागण, लावायची म्हणतोय. मी त्याला सांगितलंय की तुझा निरोप येईपर्यंत बेणं घेऊ नको. गुळाचा विचार करत असशील तर आपल्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळात आधी बोलावं लागेल, त्यांच्याकडं नंबर लागतात. पंधरा फेब्रुवारीच्या आत कळव, आणि सातबाऱ्यावर काकांचं नाव अजून तसंच आहे, त्याचंही या खेपेला तलाठ्याकडं बघू. येशील तेव्हा रविवार धरून ये.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दादू