श्रद्धा घरी ठेवून कामावर जाता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे धर्म आणि सार्वजनिक जीवन या विषयावर चर्चा चालू आहे. बहुतेक पत्रलेखकांचा सूर असा की, ज्याने त्याने आपला धर्म आपल्या घरात ठेवावा आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना तो सोबत घेऊ नये. या सूचनेमागची कळकळ मला समजते. धर्माच्या नावाखाली रस्त्यावर जे काही चालते, ते पाहून उबगलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? तरीही एक श्रद्धावान ख्रिस्ती म्हणून मला ही सूचना पाळता येण्याजोगी वाटत नाही आणि ती पाळली जाणे समाजाच्या हिताचे आहे असेही वाटत नाही. माझे म्हणणे हिशेबाच्या वह्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाचे आहे. धर्मशास्त्राच्या पदवीधराचे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे. वसईची वाडवळ, सामवेदी मंडळी असोत की आमच्या नगर जिल्ह्यातल्या, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेल्या घराण्यांचे वारस असोत, वर्तमानपत्रांतून आम्ही वर्षात दोनदाच दिसतो: एकदा नाताळच्या केकसोबत आणि एकदा धर्मांतराच्या वादात. या दोन चित्रांच्या मधल्या काळात ख्रिस्ती माणूस काय करतो, हे आमच्या शेजाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते, आणि याला काही अंशी आमचे पवित्र शास्त्रच, म्हणजे बायबलच, कारणीभूत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, डोंगरावरील प्रवचन म्हणून ओळखले जाणारे तीन अध्याय आहेत. त्यांतल्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टींबद्दल क्रमाने बोलतो आणि तिन्हींना एकच अट घालतो, ती म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून त्या करू नयेत. दान करताना कर्णा वाजवू नये, प्रार्थना खोलीचे दार लावून करावी आणि उपवास करणाऱ्याने उतरलेल्या तोंडाने न फिरता तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून लोकांत मिसळावे. गंमत अशी की, याच प्रवचनात थोडेसे आधी, दिवा मापाखाली झाकून ठेवू नका, तुमची सत्कर्मे लोकांना दिसू द्या, असेही सांगितले आहे. या दोन आज्ञांचा मेळ कसा घालायचा, यावर पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पुष्कळ उपदेश केले आहेत. मला समजलेला अर्थ साधा आहे. काम लोकांच्या उपयोगी पडले पाहिजे, म्हणजे ते दिसणारच; करणाऱ्याने मात्र त्या कामाच्या पुढे उभे राहून स्वतःची ओळख करून देऊ नये. उंबरठ्याबाहेर श्रद्धा नेण्याची ही जी रीत आहे, तिच्याविषयी आपल्या पत्रलेखकांची तक्रार असेल असे मला वाटत नाही.

माझ्या धंद्यापुरते बोलायचे तर शुभवर्तमानात हिशेबाच्या माणसांचा उल्लेख वारंवार येतो. त्या काळचे जकातदार रोमी सत्तेसाठी वसुली करीत आणि ठरलेल्या रकमेवर आपले उखळ पांढरे करून घेत, म्हणून समाजात त्यांना पापी लोकांच्या रांगेत बसवले जाई. हे जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहान या संदेष्ट्याकडे येऊन ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात, तेव्हा तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांनाही तो म्हणतो की, कोणावर जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना. पुढे उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या जक्कय या मुख्य जकातदाराची गोष्ट येते. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय स्तोत्र म्हणत नाही, की मंदिर बांधण्याचा नवस करीत नाही. आपले अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करतो, असे जाहीर करतो. माझ्या मते जगातल्या सर्वांत जुन्या लेखापरीक्षणांपैकी हे एक असावे, आणि येशू त्याच्यावर ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ असा शेरा मारतो.

आता हे घरी ठेवून कामावर कसे जायचे? मी ज्या खासगी संस्थेत हिशेबनीस होतो, तिथे मार्चअखेर जवळ आली की कोऱ्या पावत्यांचे एक पुडके टेबलावर येई. न फिरलेल्या गाडीचे डिझेल, न झालेल्या दुरुस्तीची मजुरी, न आलेल्या पाहुण्यांचे चहापाणी अशा नोंदी करून खर्चाचा आकडा जुळवायचा असे. मी मालकांना प्रवचन दिले नाही. तसे देण्याचा मला अधिकार होता असेही नाही. ‘यावर माझी सही होणार नाही, बाकीचे काम मात्र रात्री बसून पुरे करून देतो,’ एवढेच सांगितले आणि ते पुरे करूनही दिले. पावत्यांवर सही करणारा दुसरा कोणीतरी मिळाला, माझी पगारवाढ रखडली आणि घरी काही वर्षे ओढाताण झाली. सांगायचे ते वेगळेच आहे. त्या संस्थेचे भांडारपाल माळकरी होते. दरवर्षी आषाढीला ते रजा टाकून वारीला जात आणि मालाच्या वजनात एका किलोची खोटी नोंदही करीत नसत. आम्ही दोघांनी एकमेकांशी धर्मावर कधी चर्चा केल्याचे मला आठवत नाही, पण पुडके टेबलावर आले की ते माझ्याकडे पाहत आणि मी त्यांच्याकडे. दोघांनीही आपापली श्रद्धा घरी ठेवली असती, तर त्या पावत्यांवर दोन सह्या जास्त झाल्या असत्या.

पैशाची दुसरी बाजू देण्याची. आमच्यात मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, बाजूला काढण्याची परंपरा आहे. सगळेच तो काढतात असे नाही, पण जे काढतात ते बहुधा पगार हाती आल्याबरोबर, वाणसामानाची यादी करण्याआधी काढतात, कारण महिनाअखेरीस उरेल त्यातून द्यायचे म्हटले तर काही उरत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. शेतकरी कुटुंबे कापणीच्या सणाला धान्य, भाजी, अंडी, कोंबड्या घेऊन मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, येतात आणि उपासना आटोपल्यावर आवारातच त्यांचा लिलाव होतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, एखादा भोपळा चारपाच जणांनी विकत घेऊन परत लिलावात ठेवावा आणि शेवटी तो एखाद्या विधवेच्या पिशवीत जावा, हे नेहमीचे दृश्य आहे. बोली लावताना जी थट्टामस्करी चालते ती ऐकून बाहेरचा माणूस याला धार्मिक विधी म्हणणार नाही. मिझोराममध्ये तर प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ वेगळी काढते आणि तो तांदूळ गोळा करून मंडळीच्या कामासाठी विकला जातो. ‘बुहफाई थाम’ नावाची ही प्रथा तिथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ज्या घरात रोकड नाही त्या घरालाही देणारे होता येते, हे त्या मुठीचे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते.

पैसा देणे तुलनेने सोपे. क्षमा मागायला जाणे अवघड. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये, असे शास्त्र सांगते. आमच्याकडच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या, रविवारी ही आज्ञा सर्वांनाच आठवते, आणि ज्याचे कोणाशी वितुष्ट आहे असा माणूस पुष्कळदा भाकर व द्राक्षारस न घेता बाकावर बसून राहतो. आमच्या परिचयातल्या दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद होता. मोजणी झाली, तरी तो मिटला नाही. थोरला भाऊ कित्येक महिने प्रभुभोजनाच्या वेळी खाली मान घालून बसे आणि सगळ्या मंडळीला त्याचे कारण ठाऊक असे. एका शनिवारी संध्याकाळी तो धाकट्याच्या घरी गेला. धाकट्याने चहा दिला, पण बोलला नाही. धाकट्याची बायकोच बोलली आणि पुष्कळ बोलली, काही बोल जिव्हारी लागणारेही होते. थोरला ऐकून घेऊन उठला आणि ‘तुला त्या दिवशी जे बोललो ते मी बोलायला नको होते, बांधाचे काय ते होईल,’ असे म्हणून निघून आला. दुसऱ्या दिवशी दोघेही प्रभुभोजन घ्यायला पुढे गेले. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही. पण दोघांची मुले एकमेकांच्या घरी जेवतात आणि पाण्याची पाळी एकमेकांना विचारून लावतात. ही श्रद्धा घरच्या देवाधर्मापुरती राहिली असती, तर त्या शेतात काय झाले असते ते ग्रामीण भागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

मोठ्या माणसांची उदाहरणे द्यायची तर पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावेच लागेल. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, याची चर्चा आपल्याकडे अजूनही होते. त्यानंतरची जवळजवळ चार दशके त्या रोज काय करीत होत्या, याची चर्चा मात्र फार थोडी होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून उपासमार झालेल्या मुली आणि बायका आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती, हातमाग, तेलघाणा आणि छापखानाही होता. रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या, साधे पांढरे लुगडे नेसत राहिल्या आणि कोणत्याही मिशनच्या दडपणाला त्यांनी भीक घातली नाही. उतारवयात त्यांनी पवित्र शास्त्राचे हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातून छापले गेले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. यातले घरगुती काय आणि सार्वजनिक काय, हे वेगळे काढून दाखवणे मला तरी शक्य नाही. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला सुरू केलेल्या रुग्णालयाबद्दलही हेच म्हणता येईल.

अर्थात श्रद्धेची ही कसोटी लावायची तर ती आधी आम्हाला स्वतःला लावून घेतली पाहिजे. ‘प्रभूच्या ठायी सर्व एक’ असे रविवारी गाणाऱ्या घरांत सोमवारी सोयरीक ठरवताना पूर्वजांची जात अजूनही विचारली जाते, आणि यात शिकली-सवरलेली घराणी मागे नाहीत. मंडळ्यांच्या जमिनी आणि इमारतींवरून चालणारे खटले, विश्वस्तपदासाठी पडणारे तट, एकाच गावात एकमेकांची तोंडे न पाहणारे गट, हे सारे आम्ही नातेवाइकांत दबक्या आवाजात बोलतो आणि बाहेर बोलत नाही. याखेरीज आमच्यातल्या काहींना मदतीचा उपयोग गळासारखा करण्याचा मोह होतो, हेही मी नाकारणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्याकडून कशाची तरी अपेक्षा धरणे ही सेवा नव्हे, हा व्यवहार झाला. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते मला प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याचा असा वापर मला अधिक खुपतो. पण याची दुसरी बाजूही आहे. शेजारची ख्रिस्ती परिचारिका ड्यूटी संपल्यावर एखाद्या म्हातारीची जखम धुऊन पट्टी बदलून देते, तेव्हा ‘हिला यातून काय मिळवायचे आहे?’ अशी कुजबुज होते. पट्टी दुसऱ्या दिवशीही बदलावी लागते आणि ती दुसऱ्या दिवशीही जाते. कुजबुज करणाऱ्यांपैकी कोणी ते काम आपल्याकडे घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याला एक विनंती आहे. येत्या डिसेंबरात आपल्या प्रतिनिधींनी नाताळच्या रोषणाईची आणि केकची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, आम्हालाही ती पाहायला आवडतात. सोबत एखाद्या लहान गावातल्या मंडळीच्या खजिनदाराकडे तासभर बसून, वर्षभराची जमा कोणाकडून आली आणि खर्च कशावर झाला, एवढे विचारून छापावे. काही ठिकाणी वही लगेच पुढे येईल. काही ठिकाणी ‘पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळेल. तिथे पुढच्या आठवड्यात जरूर पुन्हा जावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस,
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर