कार्यक्रम सर्वांसाठी, पण नोंदवहीत रकाना नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या बेळगाव जिल्ह्यातील एका उच्च शिक्षणसंस्थेच्या आवारात विद्यार्थ्यांची चित्रे आणि मातीकाम यांचे प्रदर्शन भरले होते. वर्तमानपत्रात त्याची ओळही आली नव्हती. मला ते भाचीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कळले. निमंत्रणावर ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असे ठळक छापलेले होते, म्हणून मी गेलो. फाटकावर सुरक्षारक्षकाने “यार बेक्री?” (कोण हवंय?) असे कन्नडमध्ये विचारत नोंदवही पुढे सरकवली. नाव, गाव, फोन, गाडीचा नंबर असे रकाने भरून झाले आणि ‘कोणास भेटावयाचे’ या रकान्यापाशी माझे पेन अडले. मला कोणालाच भेटायचे नाही, चित्रे पाहायची आहेत, असे सांगितल्यावर त्या भल्या माणसाने जरा विचार केला आणि म्हणाला, “मग साहेबांचं नाव घाला की.” कोणत्या साहेबांचे, हे त्यालाही सांगता येईना. अखेर मी त्या रकान्यात ‘चित्रे’ असे लिहिले आणि आत गेलो.

दालनाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. अर्ध्या तासाने आले आणि त्यांनी दिवे लावून सगळे अगत्याने दाखवले. एका मुलीने केलेली बेंदराच्या बैलांची जोडी तिथे होती. एका बैलाचे शिंग भट्टीत तडकलेले होते आणि तिने ते तसेच ठेवले होते. ती जोडी पाहायला मी पुन्हा एकदा जाईन, इतकी ती चांगली होती. त्यामुळे अर्ध्या तासाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या रकान्याबद्दल आहे. काही काम नसताना केवळ पाहायला किंवा ऐकायला आलेला नागरिक ही कल्पनाच आपल्या विद्यापीठीय आवारांच्या फाटकावर अजून पोहोचलेली नाही, असे मला त्या दिवशी वाटले.

बेळगावला स्वतःची विद्यापीठे उशिरा मिळाली. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली आले आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली. त्याआधी आमच्या पिढीच्या पदवीपत्रांवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे नाव असे. विद्यापीठ गावात आले म्हणजे नेमके काय आले, याचा विचार मात्र आपण प्रवेश, परीक्षा आणि निकाल यांच्या पलीकडे फारसा केला नाही. आज अशा संस्थांच्या आवारांत सभागृहे आहेत, ध्वनियंत्रणा आहे, भरपूर मोकळी जागा आहे. संध्याकाळी वर्ग सुटले की त्यांतले बरेचसे बंद होते. दुसरीकडे शहरातली हौशी नाट्यमंडळी एकांकिकेच्या तालमीसाठी शाळेचा वर्ग मिळतो का, हे पाहत मुख्याध्यापकांच्या दारात उभी असतात. मी स्वतः बाके भिंतीला लावून केलेल्या तालमींत आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. त्या बाकांवर आपटून फुटलेल्या नडग्यांचा हिशेब इथे देत नाही.

या मुलखात प्रेक्षक नाही, असे कोणी म्हणू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा आणि तोही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. कुमार गंधर्व १९२४ साली शहराजवळच्या सुळेभावीत जन्मले. श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ रात्र रात्र जागून पाहणारी कन्नड गावे याच जिल्ह्यात आहेत, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांत साहित्य संमेलनाच्या मंडपात दिवस दिवस बसणारे मराठी शेतकरीही याच जिल्ह्यातले आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात झाले, तेव्हाची गर्दी अनेकांना आठवत असेल. शहरात लोकमान्य रंगमंदिर, गोगटे रंगमंदिर, कुमार गंधर्व रंगमंदिर, वरेरकर नाट्य संघ आणि तिथलेच के. बी. कुलकर्णी कलादालन ही ठिकाणे आहेत. पण नाटकाच्या एका प्रयोगाचे भाडे, प्रकाशयोजना आणि जाहिरात यांचा खर्च उभा करता करता हौशी संस्थेची दमछाक होते, आणि नवख्या मुलांना तर ते दार ठोठावण्याचीही हिंमत होत नाही.

इतरत्र हे कसे चालते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. इथून सकाळी निघालेला माणूस ते पाहून संध्याकाळी घरी येतो. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात कन्नड संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. म्हैसूर विद्यापीठाने तर जयलक्ष्मी विलास या जुन्या राजवाड्यात लोककलांचे संग्रहालय १९६८ सालीच उभे केले. बडोद्याच्या ललित कला शाखेत वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांची कामे मांडली जातात आणि गावातले लोक ती पाहायला जातात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा ‘अंगणमंच’ हा खुला रंगमंच मला या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्याच्या नावातच अंगण आहे, आणि अंगणात येणाऱ्याला कोणी ‘कोणास भेटावयाचे’ असे विचारत नाही. शिवाय महाविद्यालये आणि विद्यापीठे ज्या नॅक मूल्यांकनासाठी (उच्च शिक्षणसंस्थांच्या दर्जाच्या राष्ट्रीय तपासणीसाठी) रात्रीचा दिवस करतात, त्यात संशोधन आणि नवोन्मेष यांच्या जोडीने विस्तारकार्य हाही निकषाचा भाग आहे. समाजापर्यंत पोहोचण्यासाठी दत्तक गावात वृक्षारोपण करावे, त्याला माझी हरकत नाही. पण समाज आपल्या पायांनी दारात आला, तर त्याला आत घेणे हेही त्याच खात्यात जमा व्हावे.

माझी मुख्य विनंती मात्र बसविषयी आहे. आपल्याकडची विद्यापीठांची आवारे शहराबाहेर, कोणी महामार्गाला भुतरामहट्टीकडे तर कोणी मच्छेच्या बाजूला आहेत. दिवसा विद्यार्थ्यांच्या वेळेला गाड्या मिळतात. कार्यक्रम साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपला, तर शहापूर-वडगावच्या माणसाने घरी कसे यायचे? जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळाला, ही मोठीच सोय झाली. पण माझ्या शेजारच्या काकूंना गाण्याची जी ओढ आहे, तिला मोफत तिकीट पुरत नाही, रात्री नऊची गाडी लागते. कार्यक्रमाच्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत परतीची एक जादा गाडी ठेवणे, किंवा विद्यार्थ्यांना ने-आण करणारी संस्थेचीच गाडी त्या रात्री शहरापर्यंत सोडणे, यासाठी मोठी योजना लागत नाही. परिवहन खात्याच्या आगारप्रमुखांना आठ दिवस आधी दिलेले एक पत्र पुरेल.

दुसरे, सूचनेबद्दल. कार्यक्रमाची पत्रिका संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकली म्हणजे ती लोकांना कळली असे होत नाही. शहरात सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडणारा मोठा वर्ग आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात मराठी आणि कन्नड दोन्ही दैनिकांत चार ओळी आल्या, तरी खुर्च्या भरतील. इथे सीमाप्रश्न काढण्याचे मला कारण दिसत नाही. तो या पत्राचा विषय नव्हे. ख्याल ऐकताना शेजारचा माणूस घरी कोणती भाषा बोलतो हे आम्ही कधी विचारले नाही, आणि कन्नड नाटकाच्या पहिल्या रांगेत मराठी माणसे मी कितीदा तरी पाहिली आहेत. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे. त्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी एखादी एकांकिका बसवली, तर तिचा एक प्रयोग परीक्षकांपुरता न राहता गावासाठीही व्हावा, इतकीच अपेक्षा आहे.

सभागृह बाहेरच्या संस्थांना देण्यात जोखीम आहे, हे मान्य. खुर्च्या मोडतात, पडद्यामागे पानाच्या पिचकाऱ्या पडतात, सभेच्या नावाखाली भलतेच काही होते. अनामत घ्यावी, सकाळी साफसफाई तपासून ती परत करावी, राजकीय सभांना नकार द्यावा. महिन्यातून एक संध्याकाळ, वर्षाच्या बारा, एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि फाटकावरच्या नोंदवहीत ‘कोणास भेटावयाचे’ याच्या शेजारी ‘कार्यक्रमासाठी’ असा एक रकाना आखावा. त्याला पट्टी आणि पेन्सिल यांखेरीज काही लागणार नाही.

येत्या उन्हाळी सुटीत आम्ही काही जण मुलांसाठी दहा दिवसांचे नाट्यशिबिर घेण्याच्या विचारात आहोत. त्यासाठी एखाद्या विद्यापीठाच्या आवारातील सभागृह मिळू शकेल का, आणि अर्ज कुलसचिवांकडे करायचा की विद्यार्थी कल्याण विभागाकडे, हे संबंधितांनी आपल्या याच स्तंभातून कळवल्यास आभारी राहू.

आपला,
एक हौशी नाट्यकर्मी
शहापूर, बेळगाव