मेगावॅटबरोबर तासही छापा

महोदय,

स्वच्छ ऊर्जेच्या बातमीत एक आकडा हमखास असतो: इतके मेगावॅट बसवले. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून फारसे काही कळत नाही. 20 टक्के भारांकाने (म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सरासरी एक पंचमांशाने) चालणारा 100 मेगावॅटचा सौर प्रकल्प दिवसाला सरासरी 4 लाख 80 हजार युनिट देतो, आणि सूर्य मावळल्यावर, घरोघरी दिवे लागतात तेव्हा, शून्य. उद्दिष्टच मेगावॅटमध्ये लिहिले, की सगळी गुंतवणूक दुपारच्या विजेकडे धावते.

मग दुपारी कोळशाचे संच बंद का करत नाहीत? कारण थंड पडलेला संच पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी तो हवा असेल, तर दुपारी निम्म्या भारावर रेटत ठेवावाच लागतो. त्यात प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. शिवाय रोजच्या चढउताराने बॉयलरच्या नळ्या थकतात आणि गळू लागतात.

बॅटरीच्या घोषणांतही हीच गल्लत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेलची 2017ची बॅटरी ‘100 मेगावॅटची’ म्हणून गाजली. तिची साठवण होती 129 मेगावॅट-तास, म्हणजे पूर्ण जोराने चालवली तर जेमतेम सव्वा तास. नळ किती जाडीचा ते सांगायचे आणि टाकी केवढी ते नाही, असा हा प्रकार. (ग्रीडवरच्या विजेची सेकंदाला 50 आवर्तने, म्हणजे 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी, सावरण्यासाठी ती उत्तम ठरली, पण ते काम वेगळे.)

फ्रिक्वेन्सीचा विषय तर सार्वजनिक चर्चेत जवळजवळ येतच नाही. एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले, तर पहिले काही सेकंद ग्रीडला तोलून धरतात ती टर्बाइन आणि जनित्रांची फिरती, शेकडो टनांची चाके. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. 9 ऑगस्ट 2019 रोजी ब्रिटनमध्ये आकाशातली वीज वाहिनीवर पडल्यानंतर गॅसवरचे एक केंद्र, समुद्रातील एक पवन प्रकल्प आणि अनेक छोटे जनित्रसंच जवळपास एकाच वेळी सुटले, म्हणजे ग्रीडपासून आपोआप तुटले. फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे 10 लाख ग्राहकांचा पुरवठा आपोआप तोडला गेला. तो तासाभरात परत आला. पण काही रेल्वेगाड्या 49 हर्ट्झच्या खाली अशा अडकल्या, की तंत्रज्ञ येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते मात्र व्होल्टेज वाढल्यामुळे. तिथल्या नियमांनुसार सौर प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेज बघून न बदलणाऱ्या एका ठरावीक सेटिंगवर, चालत होते. व्होल्टेज चढले तर ते खाली ओढायचे काम त्यांना दिलेलेच नव्हते. ज्या पारंपरिक संचांवर ते काम होते, त्यांनीही ते पुरेसे केले नाही, असे सरकारी अहवाल सांगतो. तेव्हा सारा दोष सौर ऊर्जेच्या माथी मारणे चूक आहे. पॅनेलची वीज ग्रीडजोगी करून देणारे इन्व्हर्टर हे काम करू शकतात. फक्त नियमात ते लिहावे लागते आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

हाच घोटाळा छोट्या प्रमाणात गल्लीतही होतो. वाहिनीच्या टोकाच्या घराला दाब (व्होल्टेज) कमी मिळू नये म्हणून डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर थोड्या चढ्या टॅपवर, म्हणजे व्होल्टेज ठरवणाऱ्या वरच्या पायरीवर, ठेवलेला असतो. छतांवर सौर पॅनेल आली, की दुपारी वीज उलटी वाहते आणि टोकाला व्होल्टेज मर्यादेबाहेर जाते. इन्व्हर्टर सुटतो, तोही नेमका टोकाच्या घराचा. तिथला ग्राहक पॅनेलला दोष देतो. टॅप एक पायरी, म्हणजे साधारण अडीच टक्के, खाली घेतला तर बऱ्याचदा भागते. पण या ट्रान्सफॉर्मरचा टॅप चालू पुरवठ्यावर बदलता येत नाही आणि तेवढ्यासाठी पुरवठा बंद करायला कोणी तयार नसते. शिवाय रात्री दाब पुरेसा राहतो का, हेही टोकाला मोजून पाहावे लागते.

म्हणून मागणी साधी आहे. निविदेत मेगावॅटशेजारी संध्याकाळचे किती तास वीज मिळणार ते लिहा, व्होल्टेज सांभाळण्याची अट करारातच घाला आणि पारेषण वाहिनीचे काम प्रकल्पाच्या आधी सुरू करा. प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. वाहिनीला जमीन, परवानग्या आणि मनोरे धरून सहज चार-पाच वर्षे लागतात.

— एक वीज अभियंता