ध्रुव अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनबद्दलही लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

ध्रुव अणुभट्टीचं नाव पेपरात आलं की बातमी एकतर प्लुटोनियमची नाहीतर सुरक्षेची, पण ट्रॉम्बेला त्याच भट्टीतून न्यूट्रॉनचे झोत बाहेर काढून, त्यावर स्पेक्ट्रोमीटर (न्यूट्रॉनची एनर्जी मोजणारं उपकरण) लावून घन पदार्थांचा अभ्यास चालतो हे कुणी लिहीतच नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. १९८५ पासूनची १०० मेगावॉटची भट्टी आहे ती!

घन पदार्थातले अणू सतत थरथरत असतात आणि पदार्थ उष्णता किती वाहून नेणार, तापल्यावर किती फुगणार हे त्या थरथरण्यावर ठरतं. थर्मल, म्हणजे भट्टीत वेग मंदावलेल्या, न्यूट्रॉनची एनर्जी साधारण २५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं एनर्जीचं छोटं माप), थरथरण्याचीही त्याच रेंजमधली, त्यामुळे न्यूट्रॉन आपटून बाहेर आला की एनर्जी किती बदलली ते नीट मोजता येतं. शिवाय एक्सरेला जेमतेम दिसणारा हायड्रोजन न्यूट्रॉनला ठळक दिसतो. झिर्कोनियम टंगस्टेट तापवलं की चक्क आकसतं, त्यामागच्या या थरथरण्यावर बीएआरसीच्या (ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) लोकांनी सुंदर काम केलंय. आणि ही परंपरा जुनी आहे, आपले भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरच्या अणुसंशोधन केंद्रात तिथले शास्त्रज्ञ ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले (ब्रॉकहाउसना १९९४ चं नोबेल याच तंत्रासाठी मिळालं) आणि मग इथेच स्पेक्ट्रोमीटर बांधले गेले.

खरी अडचण हाय रिझोल्युशनची, म्हणजे एनर्जीतला अगदी बारीक फरक ओळखण्याची आहे. बॅटरीतला लिथियम किंवा धातूत शिरलेला हायड्रोजन एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा सरकतो हे बघायचं तर मायक्रो इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, म्हणजे मिलीच्याही हजाराव्या भागापर्यंत जावं लागतं. त्यासाठी जवळजवळ एकाच वेगाचे न्यूट्रॉन निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, म्हणजे जितकं बारीक बघाल तितके हातात कमी उरणार, म्हणून मुळात सोर्सच दणकट लागतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या भट्टीचा फ्लक्स (न्यूट्रॉनचा मारा) ध्रुवच्या साधारण आठपट, तिथलं आयएन१६बी हे उपकरण सिलिकॉन क्रिस्टलवरून न्यूट्रॉन जवळपास उलट पावली परतवतं आणि १ मायक्रो इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही खाली जातं. १९७२ साली हंगेरीचे शास्त्रज्ञ मेझाई यांनी स्पिन एकोची युक्ती काढली, त्यात वेगातला फरक न्यूट्रॉनच्या स्पिनवरच (त्याच्या चुंबकीय दिशेवरच) नोंदला जातो म्हणून इतके न्यूट्रॉन टाकावे लागत नाहीत, पण तिथेही झोत जोरदार असेल तरच काम भागतं.

म्हणून आपली हुशार मुलं ग्रेनोबलला नाहीतर इंग्लंडमध्ये आयसिस या न्यूट्रॉन केंद्राला अर्ज करतात, मोजक्या दिवसांचा बीम टाइम (झोत वापरायची वेळ) मिळतो, त्यात सॅम्पल बिघडलं की पुन्हा रांगेत. बॅटरी आणि हायड्रोजनवर देश एवढा खर्च करतोय तर दणकट न्यूट्रॉन सोर्सही आपल्याकडेच हवा, आणि तो होईपर्यंत निदान ध्रुववरची उपकरणं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संस्थेमार्फत विद्यापीठातल्या लोकांनाही वापरता येतात हे आपल्या एमएस्सीच्या पोरांना कळायला हवं. एक पानभर लेख छापा ना, त्यात अर्ज कसा करायचा तेही द्या.

आपला,
एक वाचक, चेंबूर